आधी टायर, मग लिफ्ट

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आम्ही जिप्सीच्या स्प्रिंगांवर काय बोलणार, असं वाटलं असेल. पण प्रश्न साध्य-साधनाचाच आहे.

सिंदेवाहीकडची धानाच्या बांध्यांमधली पावसाळी वाट डोळ्यांपुढे आणा. दोन खोल चाकोऱ्या, मध्ये मातीचा उंचवटा. गाडी अडते ती ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा त्या उंचवट्यावर टेकतो म्हणून. लिफ्ट किट बसवलं की बॉडी वर जाते. गोळा होता तिथेच! त्याला उचलतं ते मोठं चाक. जिप्सीचा 205/70 आर 15 टायर, व्यास सुमारे 668 मिलिमीटर. त्याजागी 235/75 आर 15 घातला तर 733. वाढ 65ची, पण गोळा उचलला जातो त्याच्या निम्मा, जेमतेम 33.

मग लिफ्ट कशाला? स्प्रिंग पूर्ण दबली, स्टीअरिंग पूर्ण वळलं, तरी टायर मडगार्डला घासू नये, एवढ्यासाठीच. तेवढीच घ्यावी. जास्त घेतली की गुरुत्वमध्य वर जातो, आडव्या उतारावर गाडी कलंडू शकते, आणि आत आपलीच माणसं असतात. ब्रेकचे होज ताणतात, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो. मोठ्या टायरमुळे मीटर 60 दाखवतो तेव्हा वेग 66च्या आसपास असतो, हे वेगळंच.

शिवाय 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. आधी आरटीओत विचारा.

आमचं विचाराल तर, या वाटांसाठी मूळ मापाचाच, खोल नक्षीचा टायर घ्या. चिखलात हवा थोडी कमी करा, डांबरीवर आलात की पुन्हा भरा.