पानावरचा मासा

ग्वाल्हेरच्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा मिटलेली रंगपेटी तीस वर्षे उघडली नाही. पन्नाशीनंतर पुन्हा कुंचला धरला, पण औषधचिठ्ठ्या लिहिणाऱ्या बोटांना साधी रेषाही साधेना. संकोचाने तो ठेवून दिला.

वाट सापडली ती इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर (१९१७–२०००) यांच्या कलाकृतींमुळे. व्यक्तिचित्रणात निष्णात असलेल्या गुरुजींनी पुढे सुकलेली पाने, काटक्या, साली यांतच आकार शोधले. हात अवघडला असला, तरी आधी पाहायला शिकता येते, हे त्यातून उमगले.

गेल्या फाल्गुनात किल्ल्याच्या चढणीवर पिंपळाची गळलेली पाने वेचली. दुसऱ्या दिवशी सुईच्या भीतीने रडणाऱ्या एका चिमुरडीपुढे त्यांतले एक आडवे धरले. "मासा!" ती रडे विसरून म्हणाली. मला मात्र तोवर त्यात पानच दिसत होते.

त्या रात्री नवे रंग आणून पानावर केवळ डोळा रंगवला. हात थरथरला, डोळा किंचित वाकडा झाला. ते पान आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. व्यवसायबंधूंनो, बालरुग्णांना ते दाखवावे लागत नाही. मासा त्यांना आपणहून दिसतो.