पीडीएफच्या पोटातील अक्षरे

नाशिकरोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली चलनी नोटांचा छापखाना सुरू झाल्यापासून, उमटलेले अक्षर तसूभरही बदलता कामा नये या कसोटीशी नाशिकचे नाव जोडले गेले आहे. परंतु सामान्य छापखान्यांचा चरितार्थ ज्यांवर चालतो त्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि पतसंस्थांचे अहवाल यांच्या बाबतीत ही हमी शाईच्या किंवा यंत्राच्या स्वाधीन राहिलेली नसून, डीटीपी करणारा इसम पीडीएफ तयार करताना कोणत्या चौकोनात खूण करतो, यावर ती अवलंबून असते.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी जुळाऱ्याने बांधलेला फर्मा यंत्रावर चढे, तेव्हा अक्षरे त्याच्या अंगातच असत. पान एकीकडे आणि खिळे दुसरीकडे, अशी फारकत संभवतच नसे. संगणकाने ती घडवून आणली. मजकुराच्या फाइलीत अक्षरांचे केवळ क्रमांक असतात, त्यांच्या आकृती फॉन्टच्या निराळ्या फाइलीत नांदतात, आणि दोहोंची गाठ पडली नाही तर पान बिघडते. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ प्रसृत केले तेव्हा फॉन्टही दस्तऐवजाच्या पोटात घालण्याची, म्हणजेच तो एम्बेड करण्याची, तजवीज त्यात होती. पण तजवीज म्हणजे सक्ती नव्हे. टाइम्स, हेल्व्हेटिका आणि कुरियर यांच्या प्रत्येकी चार तऱ्हा व चिन्हांचे दोन संच, असे १४ फॉन्ट वाचणाऱ्याकडे असणारच असे गृहीत धरून ते वगळण्याची मुभा ठेवलेली होती. ही काटकसर पुढे अंगलट आली. टेक्‌ या प्रणालीत शोधनिबंध जुळवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. कारण निबंधाचा सर्व मजकूर निर्दोष असूनही दुसऱ्या प्रोग्रॅममधून आणून चिकटवलेल्या एखाद्या आलेखातील हेल्व्हेटिका बाहेरच राहिलेला असतो, आणि सर्व फॉन्ट एम्बेड केलेले असलेच पाहिजेत असा दंडक घालणाऱ्या परिषदा तेवढ्यावरून संपूर्ण फाइल परत करतात.

आपल्या फाइलीत काय आहे हे पाहणे मात्र मुळीच अवघड नाही. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रॉपर्टीज उघडून फॉन्ट्‌स या पानावर गेले की सगळी यादी समोर येते. नावापुढे ‘एम्बेडेड सबसेट’ असे असेल, तर त्या फॉन्टातील फक्त वापरलेली अक्षरे आत घेतली आहेत असे समजावे. सबसेटच्या नावाआधी सहा रोमन अक्षरे आणि अधिकचे चिन्ह असते, ते यासाठीच. जेथे हा शब्द नसून खाली ‘अ‍ॅक्च्युअल फॉन्ट’ म्हणून भलतेच नाव आलेले दिसेल, तेथे मूळ फॉन्ट गैरहजर असून बदली इसम कामावर आहे, हे ओळखावे. कधी कधी दोष करणाऱ्याचा नसतोही: फॉन्टाच्या फाइलीतच त्याच्या मालकाने परवान्याची नोंद केलेली असते, आणि ती एम्बेड करण्यास मनाई करणारी असेल तर सॉफ्टवेअर ती मुकाट्याने पाळते.

मराठीच्या बाबतीत प्रकरण येथे संपत नाही, खरे तर सुरू होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे अवयव बसवले होते. हिंदी मुलखात बोकाळलेल्या कृतिदेव फॉन्टात ‘नाशिक’ लिहावयाचे म्हणजे संगणकाच्या लेखी यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, पुन्हा के आणि शेवटी डी. फॉन्ट एम्बेड केला नाही तर वाचकाला ही रोमन बाराखडी दिसते आणि तो तक्रार तरी करतो. एम्बेड केला की पान देखणे दिसते, मात्र आतील मजकूर तोच निरर्थक राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. छापखान्यांचा आवडता तोडगा म्हणजे ‘कर्व्ह करून द्या’, अर्थात अक्षरांच्या रेघाच करून टाका! जाहिरातीला तो ठीक. तीनशे पानांच्या ग्रंथाला लावला तर त्या ग्रंथात एकही शब्द शोधता येत नाही, कारण शोधण्याजोगा शब्दच त्यात उरत नाही.

युनिकोडनेही सर्व संकट निवारले असे नाही. पानावर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उभी राहते, आणि पीडीएफ आकृती ज्या क्रमाने मांडील त्याच क्रमाने ती परत देण्याचा संभव असल्यामुळे, पडद्यावर शुद्ध दिसणारे ‘नाशिक’ नकलून घेताच ‘नािशक’ होऊन बाहेर पडते. ‘त्र्यंबकेश्वर’ या नावातील जोडाक्षरांना तर स्वतःचे क्रमांकच नाहीत. कोणती आकृती कोणत्या अक्षरांच्या समुच्चयाची, याचा तक्ता फॉन्टाबरोबर आत गेला तरच ते नाव सापडते.

२००५ साली निघालेल्या पीडीएफ-ए या दप्तरी जतनाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने पानावरील प्रत्येक फॉन्ट एम्बेड करणे बंधनकारक केले, पण त्याची ‘बी’ ही पायरी केवळ दिसण्याची हमी देते; पुढे २०११ मध्ये आलेल्या ‘यू’ या पायरीवर युनिकोडचा तक्ताही लागतो. मराठी दप्तरांनी दुसरीचा आग्रह धरावा असे माझे मत आहे, आणि तेवढ्यावर विसंबू नये असेही. कारण तपासणारे यंत्र तक्ता आहे की नाही एवढेच पाहते, आणि जुन्या फॉन्टातील ‘न’ म्हणजे यू असे सांगणारा तक्ताही त्याच्या दृष्टीने तक्ताच असतो. म्हणून अंक छापखान्याकडे रवाना करण्यापूर्वी मुद्रितशोधकाने शोधपेटीत त्र्यंबकेश्वर हे नाव टंकून पाहावे, आणि एखादा परिच्छेद उचलून साध्या टिपणवहीच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवून वाचावा.