काळ्या मातीत गुलाब का मरतो आणि कसा जगवायचा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना त्यातले आकडे पुन्हा बघायचेत, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे अधलेमधले 'म्हणजे' काढून टाकलेत.

मी नोकरीला पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. घर मात्र हदगावला, नांदेड जिल्ह्यात. आपल्याकडे गुलाबाची एक ठरलेली कहाणी असते. दारावर रोपांची गाडी येते, टपोरं फूल लागलेलं रोप आपण घेतो, अंगणात लावतो. पंधरा दिवस बरे जातात. मग पानं पिवळी, मग फांद्या काळ्या, आणि मृगाच्या आसपास नुसती काडी उरते. घरात एकच निष्कर्ष निघतो, 'पाणी कमी पडलं.'

माझं म्हणणं उलटं आहे. आपल्या भागात गुलाब तहानेपेक्षा गुदमरून जास्त मरतो.

मातीत काय होतं?

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मुळं श्वास घेतात, त्यासाठी मातीच्या कणांमधल्या पोकळीत ऑक्सिजन असावा लागतो. आपली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण भरपूर आणि कण अतिशय बारीक. ओली झाली की ती फुगते, पोकळ्या बंद होतात. वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पाणी धरून ठेवायचा हा गुण कापसाला आणि तुरीला मानवतो. गुलाबाचं तसं नाही. चार दिवस मुळं चिखलात राहिली की बारीक तंतुमुळं सडायला लागतात, आणि पाणी ओढायचं काम तीच करतात. म्हणजे खाली पाणी भरपूर, पण वर पान मलूल. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून तो आणखी तांब्याभर ओततो.

आमच्या आईचं अगदी असंच चालायचं. फोनवर म्हणायची, "रोज पाणी घालायलेय, तरी वाळायलंय बघ." मी म्हटलं, "आई, वरच्या भेगा बघू नको, बोट घालून बघ." वरची माती तडकलेली होती आणि चार बोटं खाली चक्क गारा होता. काळी माती अशी फसवते. म्हणून पहिला नियम: दोन इंच खोल बोट घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

दुसरी अडचण चुनखडीची. आपल्या बऱ्याच जमिनींचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास असतो. गुलाबाला ६ ते ७ मानवतो. सामू वाढला की मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. ओळख सोपी आहे: नवीन, शेंड्याकडची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी हिराकस मातीत टाकून फार उपयोग होत नाही, तेही तिथेच अडकतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं ते द्या, किंवा लिटरभर पाण्यात २-३ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होऊन गळत असतील तर आधी निचरा तपासा.

रोप घेताना

गाडीवाल्याला विचारलं तर पुष्कळदा उत्तर येतं, 'माल कडियमचा आहे.' कडियम म्हणजे आंध्रातलं राजमहेंद्रीजवळचं नर्सऱ्यांचं मोठं केंद्र. आपल्या नांदेडहून जाते तीच गोदावरी पुढे तिकडे जाते. पण तिथली हवा दमट, किनाऱ्याजवळची. तिथे वाढलेलं रोप एप्रिलमध्ये आपल्या ४२ अंशात आणून लावलं तर ते भांबावणारच. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी या काळात रोप घ्या. फुलाला भुलू नका. तीन-चार जाड, हिरव्या फांद्या आहेत का ते बघा.

आणखी एक गोष्ट. नर्सरीतला टपोऱ्या फुलांचा गुलाब हे बहुतेक वेळा एकात एक अशी दोन झाडं असतात. खाली काटक गुलाबाचा खुंट, त्यावर डोळा भरून वर हवी ती जात. बुंध्याजवळ गाठ दिसते, तो जोड. जोडाच्या खालून जोमदार फुटवा आला तर तो खुंटाचा. ठेवला तर वरच्या जातीचं अन्न तोच खातो, आणि मग लोक म्हणतात 'गुलाब जंगली झाला.' तो फुटवा नुसता वरून कापू नका, माती बाजूला करून मुळाशीच ओढून काढा. आपला गावठी गुलाबी गुलाब मात्र कांडी खोचूनही लागतो. तो स्वतःच्याच मुळावर वाढतो, त्यामुळे त्याला ही भानगड नाही. पहिलंच झाड लावत असाल तर तोच लावा.

लावायचा कसा?

पुस्तकी सल्ला असतो की दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या आणि माती, शेणखत, वाळू समप्रमाणात भरा. काळ्या जमिनीत यात एक धोका आहे. आतलं मिश्रण भुसभुशीत, बाहेरच्या भिंती चिकणमातीच्या. पावसात त्या खड्ड्याचा हौद होतो. म्हणून तेच मिश्रण जमिनीच्या वर आणा. कडेला विटा लावून ९ इंच ते फूटभर उंच वाफा करा आणि त्यात लावा. वाळू जाड हवी, नसेल तर बारीक मुरूम चालतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. जागा नसेल तर तळाला भोकं असलेली १२ इंची कुंडी घ्या.

लावण्याआधी पिशवीतल्या मातीचा गोळा बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत भिजवा. तो कोरडा राहिला तर पाणी बाजूने निघून जातं आणि मुळं आत तशीच कोरडी राहतात. जोड मातीच्या वर ठेवा. रोज सहा तास ऊन हवंच, पण एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा.

पाण्याचा हिशोब

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात गुलाब लावणं म्हणजे चैन, असं कुणी म्हणालं तर मला राग येत नाही. मी हिशोब मांडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मेमधल्या कडक दिवशी माती आणि पानांतून मिळून ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. झाडाचा घेर दीड-पावणेदोन फूट, म्हणजे पाव चौरस मीटर. आठाचा पाव, दोन लिटर. चार झाडांना आठ लिटर, म्हणजे साधारण अर्धी बादली. हिवाळ्यात त्याच्या निम्मं पुरतं. वाफ्यावर दोन इंच सोयाबीनचं भुसकट पसरलं, बुंध्यापासून थोडं लांब, तर याहून कमी लागतं आणि भेगाही कमी पडतात.

हे पाणी स्वयंपाकघरातून निघू शकतं. डाळ-तांदूळ, भाज्या धुतलेलं पाणी चालतं. एसीतून ठिबकणारं पाणी तर उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी गुलाबाला घालू नका. दोन्हींत क्षार साठलेले असतात आणि गुलाबाला क्षार सोसत नाहीत. पाणी सकाळी, बुडाशी द्या. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके येतात.

छाटणी म्हणजे फुलं

युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे. चीनमधल्या गुलाबांशी संकर झाल्यावर त्यांच्यात पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण आला. आजच्या हायब्रीड टी वर्गाची सुरुवात १८६७ च्या 'ला फ्रान्स' या जातीपासून मानतात. २०१२ मध्ये त्यामागचं जनुकही सापडलं. फुलणं रोखून धरणाऱ्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसलाय, त्यामुळे ती रोखच निकामी झालीय. आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी 'थांब' लिहिलेली ओळ बंद करून ठेवलीय.

याचा अर्थ असा, की या गुलाबांचा प्रत्येक नवा फुटवा फुलात संपतो. जितके नवे फुटवे, तितकी फुलं. शेंडा असेपर्यंत खालचे डोळे दबून राहतात, शेंडा काढला की ते जागे होतात. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी. वाळक्या, काटकुळ्या, एकमेकींत घुसणाऱ्या फांद्या काढा. चार ते सहा दमदार फांद्या ठेवून त्या साधारण अर्ध्यावर आणा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. शेंड्याकडून काळी पडत आलेली फांदी आत पांढरा गाभा दिसेपर्यंत कापा, आणि जाड कापांवर बोर्डो पेस्ट लावा. त्यानंतर सहा-सात आठवड्यांत, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं यायला लागतात. मे महिन्यात मात्र खोल छाटणी नको, कोवळे फुटवे उन्हानं करपतात.

उन्हाळ्यात पानांमागे बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा. थंडीत पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, रोगट पानं काढून झाडात हवा खेळती करा.

जात निवडताना डॉ. बी. पी. पाल हे नाव लक्षात ठेवा. गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि जन्मभर गुलाबांच्या नव्या जाती तयार करत राहिले. 'डॉ. होमी भाभा' हा पांढरा गुलाब त्यांचाच. दिल्लीच्या उन्हाळ्यात तयार झालेल्या अशा जाती नर्सरीत मागून बघा.

आणि आज घरी फोन कराल तेव्हा 'पाणी घातलं का?' असं विचारू नका. 'बोट घालून बघितलं का?' असं विचारा. फरक कळला की मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.