एक्स्प्लेनर: 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे पदार्थ फेकायचाच का?

बिस्किटांच्या पुड्यावरची तारीख कालचीच निघाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो फेका, दुसरा म्हणतो एका दिवसाने काय होतंय! खरं तर नुसत्या तारखेवरून निकाल लागत नाही. तिच्याआधी कोणते शब्द छापलेत, ते पाहावं लागतं.

'बेस्ट बिफोर' हे दर्जाबद्दलचं आश्वासन आहे. या तारखेपर्यंत बिस्कीट कुरकुरीत राहील, मसाल्याचा वास टिकेल, इतकंच. त्यानंतर दर्जा उतरला तरी पदार्थ खाण्यास सुरक्षित असू शकतो, असं एफएसएसएआयचे लेबलिंगचे नियमच सांगतात. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी'चा अर्थ मात्र कडक. ती तारीख उलटल्यावर सुरक्षिततेची खात्री उरत नाही आणि दुकानदाराला तो माल विकता येत नाही.

बोलताना आपण दोन्हींना सरसकट 'एक्स्पायर झालं' म्हणून मोकळे होतो. (माणूस गेला तरी 'एक्स्पायर झाले' म्हणणारे आपणच!) त्यात चांगलं खाणं कचऱ्यात जातं. त्याहून वाईट म्हणजे बिस्किटांना चालणारी ढिलाई दुधाच्या पिशवीलाही लावली जाते.

2020 च्या नियमांनुसार पाकिटावर एक्स्पायरी किंवा यूज बाय छापणं बंधनकारक आहे, 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक. म्हणजे एकाच पाकिटावर दोन्ही तारखा दिसू शकतात. अशा वेळी शेवटची मर्यादा एक्स्पायरीची.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. या तारखा बंद पाकिटासाठी आणि लेबलवर सांगितलेल्या साठवणुकीसाठी असतात. फोडलेली सॉसची बाटली महिनाभर गॅसच्या ओट्यावर उभी असेल, तर छापील तारखेचा भरवसा धरू नका.

औषधांना 'बेस्ट बिफोर' नसतेच, थेट एक्स्पायरी. तिथे फक्त महिना आणि वर्ष असतं; त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, पुढे नाही.

सुट्या मिठाईचं काय? 1 ऑक्टोबर 2020 पासून दुकानात ट्रेजवळ 'बेस्ट बिफोर'ची तारीख लावणं सक्तीचं आहे. घरी नेलेल्या बॉक्सवर ती असेलच असं नाही, तेव्हा पेढे तोलून घेण्याआधीच पाटी वाचा.