मेंढीच्या कोठीपोटाची हालचाल

मेंढीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली असता निरोगी जनावरात साधारणतः मिनिटाला एकदा आतून उसळी जाणवते. अनुभवी मेंढपाळास ही खूण ठाऊक असते. हृदयाप्रमाणे कोठीपोट स्वयंचलित नाही. पोटाच्या भिंतीतील संवेदनाग्राही ताण ओळखतात, ती वार्ता व्हेगस चेतेमार्फत मेंदूतील केंद्राकडे जाते आणि आकुंचनाची आज्ञा त्याच चेतेवाटे परतते. माफक ताणाने हालचाल वाढते; अतिताणाने मात्र ती थांबते. ओल्या लसूणघासावर आधाशीपणे चरलेल्या मेंढीचा फेसाळलेला वायू ढेकरेवाटे निघत नाही, तेव्हा हेच घडते व फुगलेले पोट फुफ्फुसांवर दाबून जनावर गुदमरते. गुंगीसाठी टोचले जाणारे झायलाझिनही आल्फा-२ ग्राहींवर कार्य करून ही हालचाल मंदावते. अशा वेळी मेंढीस कुशीवर न निजवता पोटावर बसते ठेवावे आणि उसळी परत येईपर्यंत चारा देऊ नये.