लेक परदेशी निघालाय, त्याचं गाडीचं लायसन्स तिथे चालेल का?



आज मोटारसायकलच्या लायसन्सबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, ताई, हा तर घरच्या पुरुषांचा विषय. पण गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं असतं, ‘मुलगा दुबईला डिलिव्हरीच्या कामाला जाणार’. कर्ज आईच्या नावावर निघतं, हप्ता आई भरते. मग त्या नोकरीचा पाया असलेलं लायसन्स तिथे चालणार की नाही, हे आईला आणि गटाला कळायला नको का?

आपल्याकडची मुलं गाडी चालवण्यात कमी नाहीत. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाऊन येणारा मुलगा पावसात, धुक्यात, दरड आलेल्या वळणावर गाडी सांभाळतो. त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं, याला काय शिकायचं राहिलंय! एजंटही तेच बोलतो. “काळजी नको मावशी, इथलं लायसन्स तिथे बदलून मिळतं.” या ‘बदलून मिळतं’ शब्दाची आज जरा उकल करू.

एक देश दुसऱ्या देशाचं लायसन्स तीन प्रकारे मान्य करतो. पहिला प्रकार पाहुण्यांसाठी. थोड्या दिवसांसाठी आलेल्या माणसाला त्याच्याच लायसन्सवर गाडी चालवू देतात, सोबत ‘इंटरनॅशनल परमिट’ असलं की झालं. दुसरा प्रकार खऱ्या अदलाबदलीचा. आपलं लायसन्स दाखवायचं, डोळे तपासायचे, फी भरायची आणि परीक्षा न देता तिथलं लायसन्स घ्यायचं. तिसऱ्या प्रकारात तिथली परीक्षा द्यावीच लागते, जुनं लायसन्स फक्त अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं.

आपल्या लेकांना बहुतेक ठिकाणी हा तिसराच प्रकार लागू होतो. एजंट मात्र पहिला दाखवून दुसरा सांगतो.

दुबईचंच बघा. संयुक्त अरब अमिरातीने काही देशांची यादी केली आहे. त्या देशांचं लायसन्स असेल तर थेट बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. आपला मुलगा कामाच्या व्हिसावर तिथे राहायला गेला, की त्याला तिथलंच लायसन्स काढावं लागतं. त्यासाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालायचं, डोळ्यांची तपासणी करायची, वर्ग करायचे, नियमांची परीक्षा द्यायची, मग मैदानात गाडी चालवून दाखवायची आणि शेवटी रस्त्यावर. नियमांची परीक्षा हिंदी-उर्दूतूनही देता येते, तेवढा दिलासा आहे. मोटारसायकलचा वर्ग कारपेक्षा वेगळा, म्हणजे कारचं लायसन्स निघालं म्हणून मोटारसायकल चालवता येत नाही. या सगळ्याला काही हजार दिऱ्हाम लागतात आणि नापास झालं की पुन्हा वर्ग, पुन्हा फी. लायसन्स हातात येईपर्यंत डिलिव्हरीचं काम सुरू होत नाही, म्हणजे कमिशनही नाही. इकडे गटाचा पहिला हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला उभा.

मग इथलं लायसन्स नेऊन उपयोग काय? उपयोग आहे. जुनं आणि चालू लायसन्स असेल तर दुबईत शिकवणीचे सक्तीचे तास कमी होतात. ‘गोल्डन चान्स’ हे नावही एजंटकडून ऐकायला मिळेल. आपल्या देशाचं लायसन्स असलेल्याला वर्ग न करता थेट परीक्षेला बसायची एक संधी, असा त्याचा अर्थ. संधी एकच. पास झाला तर पैसे वाचले, नाहीतर सगळ्यांसारखं वर्गात. संधी आणि लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घाटात पटाईत असलेला मुलगा या परीक्षेत का अडकतो, तेही सांगते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, आखाती देशांत उजव्या बाजूने जातात. आपल्याकडे सर्कलला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं, तिथे उलटं. हात आणि डोळे दहा वर्षांच्या सवयीने चालतात, ते एका आठवड्यात बदलत नाहीत. शिवाय आपल्याकडे वळणावर हॉर्न वाजवला की काम झालं. तिथे परीक्षक बघतो की मागे वळून नजर टाकली का, इंडिकेटर वेळेत दिला का, आखलेल्या पट्टीत राहिला का. मला विचाराल तर ही सवय इथेच लावली तरी बरं.

“पण अमक्याचा मुलगा तर इथल्याच लायसन्सवर चालवतोय,” असं कुणीतरी म्हणेल. चालवत असेलही. अमिरातीत मार्च २०२५ पासून नवा वाहतूक कायदा लागू झाला आहे. मान्य नसलेल्या परदेशी लायसन्सवर गाडी चालवली तर पहिल्यांदा २ हजार ते १० हजार दिऱ्हाम दंड आहे, पुन्हा सापडला तर तुरुंगवासही आहे. अपघात झाला तर त्याहून वाईट. चालवणाऱ्याकडे त्या गाडीचं योग्य लायसन्स नसेल तर विमा कंपनी हात झटकते आणि समोरच्याच्या भरपाईचं ओझं मुलावर येतं. मालकाने सांगितलं म्हणून चालवली, हे पोलीस ऐकून घेत नाहीत.

आता ते ‘इंटरनॅशनल लायसन्स’. नाव मोठं आहे, पण ती वस्तू म्हणजे आपल्याच लायसन्सची माहिती वेगवेगळ्या भाषांत छापलेलं एक परमिट. १९४९ साली जिनिव्हात झालेल्या रस्ते वाहतुकीच्या करारातून ते आलं. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला किंमत नाही. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालतं आणि आपलं लायसन्स त्याआधी संपत असेल तर त्याच दिवशी परमिटही संपतं. आपल्या भागाला ते पेणच्या आरटीओतून मिळतं, सरकारी फी १ हजार रुपये. परमिटची मुदत परदेशात संपली तर तिथल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो, ही सोय २०२१ पासून आहे. फिरायला जाणाऱ्याला हे परमिट कामाचं. राहून नोकरी करणाऱ्याला दुबईत त्याचा आधार नाही. कुणी प्लास्टिकचं चकचकीत कार्ड देऊन “हे दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स, फक्त पंधरा हजार” म्हणालं, तर ते कार्ड खोटं आहे, एवढं त्या ‘दहा वर्षां’वरूनच ओळखा.

आखाताबाहेर जाणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये राहायला गेल्यावर १२ महिने आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते. नंतर तिथलं शिकाऊ लायसन्स, एका दिवसाचं सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण, नियमांची परीक्षा आणि मोटारसायकलच्या दोन भागांतल्या चाचण्या. मुलगा शिकायला गेला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र धंदा करायला तिथे मनाई आहे आणि ॲपवरची डिलिव्हरी बहुतेक त्यातच मोडते. लायसन्स खरं असलं तरी व्हिसा जाऊ शकतो. जर्मनीत राहायला गेल्यापासून ६ महिने आपलं लायसन्स चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा. नर्सिंग करून जर्मनीला निघालेल्या मुलींनीही हे ऐकून ठेवा. तुमच्या स्कूटीच्या लायसन्सवर ‘बिनगिअर’ लिहिलेलं असेल, तर जगात कुठेही ते गिअरच्या गाडीला चालणार नाही.

आणि इथेच आपल्या घरातलं काम सुरू होतं. मुलगा निघायच्या आधी त्याचं लायसन्स हातात घ्या आणि वाचा. बुलेट चालवतो म्हणून लायसन्सवर गिअरची मोटारसायकल असेलच असं नाही, कित्येकांच्या कार्डावर फक्त कार किंवा टेम्पो असतो. जो वर्ग लिहिलेला नाही त्याचा अनुभव परदेशात शून्य धरतात. नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का तेही बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, एकीकडे नाही, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, असं असेल तर पेणची खेप आत्ताच करून ते दुरुस्त करून घ्या. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून पेणला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो हे मला माहीत आहे. पण दुबईच्या खोलीत बसून ते होत नाही. लायसन्स जुन्या पुस्तिकेचं असेल तर ते ‘सारथी’ या सरकारी संगणक व्यवस्थेत चढवून त्याचं कार्ड करून घ्या, नाहीतर परदेशातून कुणी खातरजमा करायला गेलं तर नोंदच सापडत नाही. सारथीवरूनच लायसन्सचा अधिकृत उतारा मागता येतो, तोही एक सोबत द्यावा. डोळे महाडलाच तपासून घ्या. चष्मा लागणार असेल तर इथे कमी पैशांत होतो.

सगळ्यात जास्त घोटाळा मुदतीचा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियम असा आहे : तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं, तीस ते पन्नासमध्ये काढलं किंवा नवं केलं तर दहा वर्षं. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यावर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. ते वर्षही उलटलं तर पुन्हा परीक्षा. आता हिशेब करा. घरचे दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर येतात. मुदत दोन सुट्ट्यांच्या मधल्या काळात संपत असेल, तर आधीच्या सुट्टीत एक वर्षाची खिडकी उघडते का, नंतरच्या सुट्टीपर्यंत दुसरं वर्ष पुरतं का, हे कॅलेंडर घेऊन बघायचं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा दाखलाही लागतो. सुट्टीतले दिवस लग्नं, गणपती, घराची कौलं यात कसे जातात ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून पेणचा दिवस आल्या-आल्या ठरवून टाका.

कर्ज देण्याआधी गटाने काय विचारावं? मी तरी आधी नोकरीचा करार मागेन. त्यात लायसन्सचा खर्च कोण करणार ते लिहिलेलं आहे का? कंपनी करणार असेल तर तो पगारातून कापणार का आणि किती महिने? लायसन्स निघेपर्यंत पगार आहे का, राहायची सोय आहे का? दोनदा नापास झाला तर काय, परत पाठवणार की गोदामात काम देणार? ही उत्तरं एजंटच्या तोंडून नकोत, कागदावर हवीत. एजंट सरकारमान्य आहे का ते ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं, गावातल्या कुठल्याही शिकलेल्या मुलीला सांगितलं तर पाच मिनिटांत काढून देईल. मान्यताप्राप्त एजंटला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. मुलगा दहावी पास नसेल तर आखाती देशांत जायला इमिग्रेशनची मंजुरी लागते, आणि त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर विमा १० लाखांचा. दुचाकीवर दिवसभर फिरणाऱ्या मुलाच्या आईने या विम्याचा कागद घरी ठेवून घ्यावा. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलू’ असं सांगणारा एजंट हे सगळंच टाळत असतो.

कर्जाचा आकडा ठरवताना तिकीट आणि एजंटची फी एवढंच धरू नका. लायसन्सची फी, एकदा नापास झाल्याचा खर्च आणि कमाई सुरू होईपर्यंतचे तीन-चार महिने त्यात धरा. हप्ताही त्यानंतर सुरू होईल असा ठराव करता येतो, तसं इतिवृत्तात लिहून घ्या.

शेवटी उलटा प्रश्न, जो एका वहिनींनी विचारला होता. दिराने गाडी दुबईतच शिकली, लायसन्स तिथलंच, आता कायमचा घरी आला. त्याला इथे सगळं पहिल्यापासून करावं लागेल का? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ९ मध्ये सूट आहे. परदेशातल्या अधिकृत कार्यालयाने दिलेलं लायसन्स असेल, तर त्याच वर्गाच्या गाडीसाठी चालवण्याची परीक्षा न घेता इथलं लायसन्स देता येतं, वैद्यकीय अट मात्र पाळावी लागते. म्हणजे आपला देश त्यांच्या लायसन्सला जेवढा मान देतो, तेवढा ते आपल्याला देत नाहीत! दिरांना सांगा, परत येताना ते कार्ड मुदतीत असतानाच घेऊन या, पासपोर्ट आणि राहण्याचा पुरावा जोडून पेणला अर्ज करा. आणि आल्यावर पहिले काही दिवस सर्कलला उजवीकडे वळतील, तेव्हा मागे बसणाऱ्या वहिनींनी जरा लक्ष ठेवा.