टिलव्यांचे माहेर : लेना नदीचे मुख

श्रोतेहो, श्रावण सरत आला आणि ओहोटीला खाडीचे पाणी मागे हटले, की ओल्या चिखलावर लहानखुरे करडे पक्षी तुरुतुरु धावताना तुम्ही पाहिले असतील. क्षणभर थांबतात, चोच खुपसतात, पुन्हा धावतात. हे टिलवे. जायकवाडीच्या उथळ काठावर आणि गावोगावच्या तळ्यांवरही ते उतरतात. कुठून येतात म्हणून विचारले, तर जाणता माणूस सांगतो, "सायबेरियातून." उत्तर बरोबर आहे; पण सायबेरिया म्हणजे काही एक गाव नव्हे. म्हणून आज आपण तिथल्या एकाच जागी जाऊ या.

बैकल सरोवराजवळच्या डोंगरांत लेना ही नदी उगम पावते आणि सुमारे ४,४०० किलोमीटर वाहत उत्तरेला लापतेव्ह समुद्राला मिळते. मुखाशी तिचे असंख्य फाटे होतात आणि मध्ये बेटेच बेटे. हा त्रिभुज प्रदेश सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरांचा आहे. आपले कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे चारही जिल्हे त्यात मावतील. झाड मात्र औषधालाही सापडायचे नाही. सगळीकडे शेवाळ, गवत आणि खुरटी झुडपे.

आपल्याकडे पूर पावसाने येतो. लेनेचा पूर बर्फाचा. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे उगमाकडचे बर्फ आधी वितळते आणि मुख अजून गोठलेलेच असते. मागून आलेले पाणी तटते, फुगते आणि मेअखेरीस किंवा जूनमध्ये बर्फाच्या लाद्या घेऊन बेटांवर चढते. जमीन तर शेकडो मीटर खोलवर कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा हातभर थर तेवढा मोकळा होतो. पाण्याला खाली मुरायला वाटच नाही, म्हणून जिकडे तिकडे डबकी. आणि डबकी म्हटली की डास आणि चिलटे आलीच. आपण डासांच्या नावाने बोटे मोडतो, पण टिलव्याच्या पिलाचे पोट त्यांच्यावरच भरते. शिवाय मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे सूर्य मावळतच नाही. खायला चोवीस तास उजेड!

टिलव्यांच्या गोतातला एक पक्षी आज उदाहरणाला घेऊ. त्याची चोच टोकाशी खाली वाकलेली असते, म्हणून त्याला बाकचोच टिलवा म्हणू. वजन अवघे पाच तोळे, म्हणजे साठ ग्रॅमच्या आतबाहेर. आपल्याकडे तो करडा दिसतो. तिकडे मात्र विटेसारखा तांबडा होतो. जूनमध्ये मादी जमिनीवरच्या खळग्यात चार अंडी घालते. तीन आठवड्यांनी पिले बाहेर पडतात आणि अंग सुकताच स्वतः वेचून खाऊ लागतात. आई चारा भरवीत नाही. थंडी वाजली की पंखाखाली घेते, एवढेच. जुलैत अवकाळी बर्फ पडले, तर पिले एकतर गारठतात, नाहीतर किडे न मिळाल्याने उपाशी मरतात.

आता नवल ऐका. नर अंडी उबवीत नाही. जुलै उजाडतो न उजाडतो तोच तो दक्षिणेची वाट धरतो. मागून माद्या निघतात. ऑगस्टमध्ये त्या बेटांवर उरतात ती उन्हाळ्यात जन्मलेली पोरे. डबक्यांवर बर्फाची साय धरायच्या आत त्यांना निघायचे असते. मुंबई तिथून सरळ रेघेनेही साडेसहा हजार किलोमीटरांहून दूर, आणि वाट दाखवायला वडीलधारे कोणी नाही. तरी ती येतात. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा खरे वाटले नव्हते.

पण दरवर्षी पोरे सारखी येत नाहीत. काही वर्षी थवेच्या थवे, काही वर्षी जवळजवळ नाहीतच. याचे कारण एका उंदरासारख्या प्राण्यात आहे. त्याचे नाव लेमिंग. हा बर्फाखाली हिवाळ्यातही वितो आणि तीन-चार वर्षांनी त्याचा अक्षरशः सुळसुळाट होतो. त्या वर्षी पांढरा कोल्हा, हिमघुबड आणि स्कुआ नावाचा समुद्रपक्षी लेमिंगांवरच पोट भरतात. टिलव्याच्या अंड्यांकडे त्यांचे लक्ष जात नाही. पुढे लेमिंग एकदम घटतात, आणि भुकेला कोल्हा घरटे न् घरटे हुंगत फिरतो. सायबेरियातल्या लेमिंगांचा आणि बाकचोच टिलव्यांचा हा संबंध १९७९ मध्ये हॉलंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात मांडला गेला. म्हणजे आपल्या खाडीवर यंदा किती पोरे उतरणार, हे बर्फाखालचा एक उंदीर ठरवतो!

हे चक्र सगळीकडे पूर्वीसारखे फिरत नाही. ग्रीनलंडच्या ईशान्य भागात २००० नंतर लेमिंगांची ती भरभराटीची वर्षे येईनाशी झाली. त्यांना वर मऊ, जाड बर्फाचे पांघरूण लागते. हवा उबदार झाली की बर्फ मध्येच वितळून पुन्हा थिजते, आणि खालचे गवत त्या कवचाखाली अडकते. भरभराटीची वर्षे गेली, तर टिलव्यांची बेगमीही गेली. वाटेतल्या चिखलपट्ट्या बुजवल्या जात आहेत, तो घाव वेगळाच. २०२४ मध्ये बाकचोच टिलव्याचे नाव जागतिक लाल यादीत एक पायरी वर, धोक्यात आलेल्या पक्ष्यांत गेले.

गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना ही पोरे ओळखायला जरूर शिकवावे. ऑगस्टच्या आरंभी येतात ते जाणते पक्षी; कुणाच्या पोटावर अजून तांबड्या रंगाचे ठिगळ असते, पिसे झिजलेली असतात. पोरे येतात ती ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात. त्यांची पिसे कोरी करकरीत, पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड, त्यामुळे पाठ खवल्यांची दिसते. छातीवर पिवळसर झाक. थव्यातले शंभर पक्षी मोजावेत आणि त्यांत अशी किती ते वहीत तारखेसह लिहावे. शंभरांत पाच-दहाच निघाली, तर लेनेकाठी यंदा कोल्हे उपाशी होते, असा संशय घ्यायला जागा आहे. मोजताना मुलांनी फार जवळ जाऊ नये. पण गेली तरी पोरे लगेच उडत नाहीत. माणूस म्हणजे काय, हे त्यांनी अजून पुरते पाहिलेले नसते.